इन्स्पेक्शनचे पेशंट

मॅडमनी माझी मुलाखत मला झोपवून घेतली.

सन दोन हजारच्या आसपासची गोष्ट. रत्नागिरीत एका संस्थेने नर्सिंग कॉलेज नुकतंच काढलं होतं आणि लेक्चररच्या जागेसाठी मी खेडहून सकाळच्या एस.टी.ने आलो होतो. संस्थेचे सेक्रेटरी आणि विद्यापीठाने पाठवलेले एक गृहस्थ यांचे प्रश्न विचारून झाले. इतका वेळ खिडकीबाहेर बघत बसलेल्या प्राचार्या मॅडम तेव्हा पहिल्यांदा बोलल्या.

“बूट काढा, सर.”

मला वाटलं, कार्पेट खराब होतंय. खाली बघितलं तर कार्पेट नव्हतंच. त्या मला शेजारच्या खोलीत घेऊन गेल्या. तिथे मुलींना प्रात्यक्षिक दाखवण्यासाठी हॉस्पिटलातल्यासारखा लोखंडी पलंग होता. “झोपा,” त्या म्हणाल्या. मी झोपलो. पहिल्या वर्षाची एक मुलगी वाटीत पेज घेऊन आली आणि मला चमच्याने भरवू लागली. तिचा हात कापत होता. एक चमचा तोंडात, एक गालावरून कानात.

“आता सांगा,” मॅडम माझ्या डोक्याशी उभ्या राहून म्हणाल्या, “तुम्हाला शिकवायला का आवडतं?”

मी काहीतरी बोललो. तोंडात पेज होती, छताला ट्यूबलाइट होती आणि सगळे चेहरे उलटे दिसत होते.

“आवाज येत नाही, सर.”

मी पुन्हा बोललो. मग त्या दारात उभ्या असलेल्या सेक्रेटरींना म्हणाल्या, “बघितलंत? आडवं झालं की माणसाचा आवाज निम्मा होतो. लेक्चररचासुद्धा.” आणि जरा थांबून, “कानात पेज गेली तरी पोरीवर ओरडला नाही. घ्या याला.”

मला नोकरी मिळाली ती अशी. ही हकिगत मी पुढे अनेकांना सांगितली आणि लोक हसले. पण मी ओरडलो नाही तो चांगुलपणाने नव्हे. नोकरी जाईल या भीतीने मी गप्प राहिलो होतो. मॅडमना ते तेव्हाच कळलं होतं की नाही, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळत होता.

आमच्या कॉलेजात प्रात्यक्षिकासाठी रबराची एक बाहुली होती. पूर्ण माणसाएवढी, संस्थेने हौसेने आणलेली. मॅडमना तिचा मनापासून राग होता. “हिला लाज वाटत नाही,” त्या म्हणत. “जिला लाज वाटत नाही, तिला पुसायला शिकून काय उपयोग?” म्हणून प्रत्येक नवीन गोष्ट शिकवताना पलंगावर कोणीतरी शिक्षक झोपायचा, असा त्यांचा नियम होता. बहुतेक वेळा त्या स्वतःच झोपायच्या. पन्नाशी उलटलेल्या, अंगाने भरलेल्या, नाकावर चष्मा आणि पदराला उलटं टाचलेलं घड्याळ. अशा त्या आडव्या पडूनच लेक्चर द्यायच्या. “कूस बदलताना माझ्या खांद्याला धर, हाताला नको. हात काय पिशवीचा बंद आहे?” मुली हसायच्या. हसताना ज्या मुलीचा हात सैल पडेल तिला त्या सांगत, “मी आत्ता खाली पडले असते. हस, पण धरून हस.”

जेवायच्या त्या उभ्याने. गल्फमध्ये बरीच वर्षं नर्सिंग केलं, तिथे बसायला मिळालं नाही, ती सवय. डबा खिडकीच्या कट्ट्यावर आणि त्या त्याच्यापुढे पहारेकऱ्यासारख्या उभ्या. राग आला की बोलत नसत, वॉर्डात जाऊन उशांचे अभ्रे बदलायला लागत. स्वच्छ अभ्रा काढून दुसरा स्वच्छ अभ्रा. त्या उशा झटकत असल्या की आम्ही समजायचो, वर संस्थेच्या ऑफिसात काहीतरी झालंय.

आणि वर सारखंच काहीतरी होत असे. आमच्या नेमणुका अकरा महिन्यांच्या. अकरा महिने झाले की काही दिवस ब्रेक, मग नवीन ऑर्डर. ब्रेकमध्ये मस्टरवर सही करायची नाही, काम मात्र करायचं, कारण वॉर्डातल्या पेशंटना आणि मुलींना ब्रेक नसे. त्या दिवसांत मॅडम आम्हाला ‘पाहुणे’ म्हणत. “या पाहुणे, चहा घ्या. आणि चहा झाला की मेल वॉर्डातलं बघा, तिथे कोणी नाही.” आम्ही हसत असू. पण ऑर्डर येणार नसली तर तसं कोणी सांगत नसे. ती नुसती यायची नाही. संस्थेच्या हॉस्पिटलात नर्स कमी, म्हणून सकाळी आम्ही लेक्चरर लोक नर्सची ड्यूटी करायचो, दुपारी तेच कपडे घालून वर्गात शिकवायचो, आणि विद्यापीठाला दाखवायचे तक्ते घरी नेऊन भरायचो. तक्रार करायची सोय नव्हती. तक्रार करणाऱ्याची ऑर्डर उशिरा निघते, असं सगळे म्हणायचे. खरं होतं की नाही, देव जाणे. कोणी करून बघितलं नाही.

माझी आणखी एक अडचण होती. मी पुरुष. त्या काळात पुरुष लेक्चररला बाळंतिणींच्या वॉर्डात शिकवायला पाठवत नसत. सेक्रेटरी मला बघितलं की न चुकता म्हणत, “काय सर, अर्धाच सिलॅबस ना तुमचा?” मी हसत असे आणि जेवण जात नसे. लग्न नुकतंच झालं होतं. विद्यापीठाची मान्यता मिळून कायमची ऑर्डर हातात पडली की संस्थेची खोली मिळणार होती. तोवर बायको खेडला माझ्या आई-वडिलांकडे. दर रविवारी मी एस.टी.डी. बूथवरून फोन लावायचो आणि ती ‘कसे आहात’ वगैरे न विचारता थेट म्हणायची, “आली का?” ऑर्डर म्हणजे. मी “नाही” म्हणायचो. मग आम्ही आंबोळ्यांविषयी बोलायचो.

माझ्या पुरुष असण्यावर मॅडमनी त्यांच्या पद्धतीने तोडगा काढला. “बाळंतिणी तुझ्या नाहीत ना? मग आजोबा तुझे.” मुलींसमोर त्या मला सर म्हणत, एरवी अरेतुरे करत. त्यांनी मला म्हाताऱ्या पेशंटच्या दाढ्या करायला लावलं, आणि नुसत्या करायला नव्हे, मुलींना शिकवायला. सुरकुतलेला गाल कसा ताणायचा, हनुवटीखाली वस्तरा कसा न्यायचा, यावर माझी लेक्चरं झाली. खेडला माझ्या मामांच्या कानावर हे गेलं. “एवढं एम.एस्सी. केलंस,” ते भर पंगतीत म्हणाले, “आता दुकान कुठे टाकतोस? स्टँडाजवळ चालेल बघ.” मी मॅडमना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, “मामांची दाढी कोण करतो?”

“स्वतः करतात.”

“हात कापायला लागतील तेव्हा विचार.”

याच मॅडमना मी एकदा घाबरलेलं बघितलं. इन्स्पेक्शनचं पत्र आलं तेव्हा. ते त्यांनी तीनदा वाचलं आणि त्या दिवशी डबा न उघडताच परत नेला.

इन्स्पेक्शन म्हणजे आमच्या धंद्यातला परीक्षेचा दिवस, फक्त परीक्षा शिक्षकांची. विद्यापीठाची समिती येते, इमारत बघते, शिक्षक किती ते बघते आणि मुलींना शिकायला हॉस्पिटलात पुरेसे पेशंट आहेत का ते बघते. समितीचा शेरा चांगला आला तर कॉलेजची मान्यता टिकते आणि आमच्यासारख्यांच्या नेमणुका पक्क्या होतात. आमच्या हॉस्पिटलात पलंग भरपूर होते. पेशंट नव्हते.

आदल्या खेपेला यावर संस्थेनेच उपाय केला होता. सेक्रेटरींची आंब्याची कॅनिंग फॅक्टरी होती. तिथल्या बायका आणून पलंगांवर झोपवल्या. बायका बिचाऱ्या डोक्यात अबोलीचे वळेसर माळून, ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. समितीतल्या एका गृहस्थांनी एकीला विचारलं, “काय होतंय तुम्हाला?” ती उठून बसली आणि म्हणाली, “मला काय होतला? सायबानी झोपायला सांगितलान.” समितीने तेव्हा तोंडदेखली एक वर्षाची मुदत दिली. या खेपेला मुदत मिळणार नव्हती.

सेक्रेटरींनी मीटिंग घेतली. “मागच्यासारखा घोटाळा नको. फॅक्टरीतली माणसं मी देतो. प्रत्येक लेक्चररने आपापल्या माणसांना एकेक आजार शिकवायचा. कळ कुठे येते, कधीपासून येते, पाठ करून घ्यायचं.”

 मग कोल्हापूरकडच्या आमच्या एक लेक्चरर बाई हळूच म्हणाल्या, “सर, मी दमा घेते. सोपा आहे.”

मला हसू आलं नाही. खरं सांगतो, मी मनात विचार करत होतो की दमा गेला, आता सोपं काय उरलं.

“शिकवायचे कशाला?” मॅडम म्हणाल्या. “ज्यांना आजार आहेत तेच आणते. गाडी द्या.”

सेक्रेटरी खूश झाले. खरे पेशंट, फुकटात. कॉलेजची एक जुनी बस होती. मुलींना खेड्यांतल्या कामासाठी न्यायला वापरायची. ती घेऊन मॅडम निघाल्या आणि मला बरोबर घेतलं. आधी मिरकरवाडा, मासळीचं बंदर. तिथे त्यांचं माहेर जवळच, सगळे त्यांना आपा म्हणत. मासळी निवडणारी एक बाई कित्येक महिने खोकत होती. काट्याने हात सुजलेला एक खलाशी तोच हात बर्फात घालून काम करत होता. ती खोकणारी बाई हात जोडून म्हणाली, “आपा, हास्पिटलात नको. थय गेलेला मानूस माघारी येत नाय.”

“तू येशील. मी स्वतः आणून सोडीन,” मॅडम म्हणाल्या. “बरी झाल्यावर.”

ते ‘बरी झाल्यावर’ ऐकून मी मॅडमकडे बघितलं. इन्स्पेक्शन संपलं की संध्याकाळी पलंग रिकामे होणार, हे मला माहीत होतं. मॅडमनाही माहीत असायला हवं होतं. पण त्या प्रत्येक दारात तेच सांगत होत्या. काही लपवत नव्हत्या. “आमची तपासणी आहे, पलंग भरायचेत. तुझं औषधपाणी होईल. दोघांचं काम.”

तसंच आम्ही पुढे लांब पूर्णगडला गेलो. तिथे एक म्हातारे खारवी आजोबा होते, जन्मभर मासेमारी केलेले. आमच्या मुलींनी त्यांना गावच्या कामात हेरलं होतं. साखरेचा आजार, आणि होडीचा खिळा लागून पायाला झालेली जखम, ती मिटतच नव्हती. वर हळद आणि कसलासा पाला बांधलेला. वास पडवीपर्यंत येत होता. मॅडम खाली बसल्या, पाय मांडीवर घेतला आणि नाक पायाशी नेलं.

“बाय, हुंगतेस काय?” आजोबा म्हणाले. “सुरमय हाय काय ती?”

“सुरमई ताजी असते,” मॅडम म्हणाल्या. “ही शिळी झालीय. चला.”

इन्स्पेक्शनच्या दिवशी एकही पलंग रिकामा नव्हता. समितीत एक वयस्क मॅडम होत्या, फार कडक म्हणून प्रसिद्ध. त्या आजोबांच्या पलंगाशी थांबल्या, पट्टी सोडायला लावली आणि आमच्या तिसऱ्या वर्षाच्या मुलीला प्रश्नांवर प्रश्न विचारले. मुलगी उत्तरं देत राहिली, कारण त्या पायाशी तिची गावापासूनची ओळख होती. शेवटी त्या मॅडम आमच्या मॅडमना म्हणाल्या, “असे पेशंट आजकाल कॉलेजांतून बघायला मिळत नाहीत.” सेक्रेटरींनी पाठीमागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. समितीची गाडी फाटकाबाहेर गेली, तेव्हा मी जांभ्या दगडाच्या पायरीवर बसून घेतलं.  झालं, असं मला वाटलं. आता रविवारी फोनवर “आली” म्हणता येईल.

चहा होतो न होतो तोच मॅडम वॉर्डातून बाहेर आल्या. बसजवळ जाऊन त्या ड्रायव्हरमामांशी काहीतरी बोलल्या, पहिल्या वर्षाच्या मुली बसमध्ये बसवल्या आणि बस निघून गेली. मला वाटलं, मुलींना हॉस्टेलवर सोडायला.

थोड्या वेळाने सेक्रेटरींचा निरोप आला. मी वर गेलो. मॅडम तिथे उभ्या होत्या.

“गाडी कुठेय?” सेक्रेटरी विचारत होते. “माणसं घरी सोडायचीत.”

“डिस्चार्ज कोण देणार?”

“कसला डिस्चार्ज?”

“पेशंट दाखल आहेत. त्यांना डॉक्टर डिस्चार्ज देतात. डॉक्टरांनी तर अजून बघितलंही नाही.”

“मॅडम, तुम्ही फार मनावर घेता. सगळीकडे असंच चालतं. औषधं, जेवणं, नर्सेस, कुठून आणू मी? तुमचीही ऑर्डर वर्षावर्षाचीच आहे, विसरू नका.”

मॅडम बाहेर गेल्या. मला माहीत होतं, आता उशा. सेक्रेटरी माझ्याकडे वळले आणि एकदम मऊ आवाजात म्हणाले, “सर, तुम्ही समजूतदार आहात. खाली जा. पुरुष माणसाने सांगितलं की ऐकतात. रिक्षांचं मी बघतो. तुमचं नाव मान्यतेच्या यादीत पहिलं जातंय, मी स्वतः बोललोय समितीशी.”

मी खाली गेलो. जिना उतरताना वाक्यं जुळवत होतो. ‘आज तात्पुरतं घरी जा’, ‘पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावू’. वाक्यं सहज जमत होती, त्याचंच आज वाईट वाटतं. मेल वॉर्डात सुजल्या हाताचा खलाशी झोपला होता. त्याला उठवायला नको म्हणून मी पुढे गेलो. आजोबा जागे होते. त्यांच्या पलंगाशी जाऊन मी उभा राहिलो.

“काय ओ ब्रदर?” ते म्हणाले. “असे खांबासारके उभे का?”

“आजोबा,” मी म्हणालो, “पायाला आता कसं वाटतंय?”

“हलका वाटतो. ती पोर चांगली पट्टी बांधते. उद्या परत बांधनार म्हनाली.”

“आजोबा, ते उद्याचं...”

माझं वाक्य तिथपर्यंतच गेलं. फाटकाशी बसचा हॉर्न वाजला. आजोबा कोपरावर उठले, मीही खिडकीशी गेलो. बस पोर्चमध्ये येऊन थांबली आणि तिच्यातून आमच्या मुलींबरोबर माणसं उतरू लागली. मिरकरवाड्याची माणसं. खोकणाऱ्या बाईची बहीण, खलाशाची आई, कडेवर पोरं, हातात भाताचे टोप, कुळथाच्या पिठीचे डबे, गुंडाळलेल्या चटया. कोणीतरी स्टोव्हसुद्धा आणला होता. मॅडम पोर्चमध्ये उभ्या राहून वाट दाखवत होत्या, “बायकांचा वॉर्ड इकडे. स्टोव्ह बाहेर, आत नाही. चपला इथे.”

एकट्या पेशंटला घरी पाठवता येतं. ज्याच्या उशाशी आई भाताचा टोप घेऊन बसलीय, त्याला पाठवता येत नाही. हे सेक्रेटरींना जिन्यावरूनच कळलं असावं. ते खाली येऊन दारात उभे राहिले. खलाशाची आई त्यांच्यापाशी गेली आणि त्यांनाच डॉक्टर समजून म्हणाली, “सायबानू, पोराचा हात राहील ना?” वॉर्ड भरलेला, सगळे त्यांच्याकडे बघत होते. “राहील, राहील,” सेक्रेटरी म्हणाले. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले.

पुढचे आठवडे आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. संस्थेने जादा नर्सेस दिल्या नाहीत. लेक्चररच पाळ्या करत होते, आणि वर्ग वॉर्डातच भरत होते. पूर्णगडहून आजोबांची सूनही बसमधून आली आणि राहिली. खलाशाचा हात राहिला. खोकणाऱ्या बाईचा क्षयरोग निघाला आणि तिला सरकारी औषधं सुरू झाली. जे बरे झाले त्यांना मॅडम बसने नेऊन स्वतः दाराशी सोडून आल्या. फक्त आजोबांचा पाय वेळ घेत होता. मला या दिवसांत लोक शाबासकी देत. मी आजोबांच्या पलंगाशी उभा असताना बस आली, म्हणून सगळ्यांची समजूत अशी झाली होती की मी तिथे पेशंटची राखण करत होतो. आमच्या कोल्हापूरच्या लेक्चरर बाई तर सगळ्यांसमोर म्हणाल्या, “सर काय हलले नाहीत बघा पलंगापासनं!” मी त्यांना दुरुस्त केलं नाही. त्या अर्ध्या वाक्यापुढे मी काय बोललो असतो, हे मला नीट माहीत नव्हतं. आजही नाही. बोललो नाही म्हणून मी निर्दोष आहे, असं मनाला समजावलं की दुसऱ्या क्षणी वाटतं, मला बोलायला वेळ मिळाला नाही एवढंच.

मग माझी ऑर्डर आली. कायमची. बायकोला फोन केला तर ती रडायला लागली, आणि मीही बूथमध्ये पाठ फिरवून उभा राहिलो. त्याच सुमारास मॅडमचा ब्रेक सुरू झाला. आम्ही त्यांना गमतीने पाहुणे म्हणालो. ब्रेक संपला. त्यांची ऑर्डर आली नाही. कोणी काही सांगितलं नाही. एक दिवस खिडकीच्या कट्ट्यावर त्यांचा डबा नव्हता.

सेक्रेटरींनी मला बोलावलं. मॅडमनंतर एम.एस्सी. झालेला मी एकटाच होतो. “प्राचार्यपदाचा चार्ज घ्या. संध्याकाळपर्यंत सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर बाहेरून आणीन.”

मी तसाच मिरकरवाड्याला त्यांच्या माहेरी गेलो. मॅडम दारातल्या बाकावर भावाच्या नातीचे केस विंचरत होत्या. मी आल्याचं बघून मुलीला म्हणाल्या, “जा गो, सरांना सरबत आण.” मी बसलो आणि आधी चार्जचं सांगितलं.

“मग घे,” त्या म्हणाल्या. “बाहेरून येईल तो आजोबांना पहिल्या दिवशी घरी पाठवील.”

मला परवानगी मिळाली होती. उठून यायला हरकत नव्हती. पण मला राहवेना. मी सांगितलं की त्या संध्याकाळी मी वॉर्डात राखण करायला गेलो नव्हतो. सेक्रेटरींनी पाठवलं म्हणून पेशंटना घरी जायला सांगायला गेलो होतो. वाक्यं जुळवून गेलो होतो. बस आली म्हणून थांबलो.

मॅडमनी फणीतले केस काढून बोटाला गुंडाळले.

“मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “म्हणून तर बस फक्त मिरकरवाड्यापर्यंत पाठवली. पूर्णगडची माणसं दुसऱ्या दिवशी आणली. तिथे जाऊन येईपर्यंत तू बोलून बसला असतास.”

मी मग विचारलं, “म्हणजे तुमचा माझ्यावर विश्वास नव्हता?”

“विश्वास होता रे. तू वाईट नाहीस. घाबरतोस.” त्यांनी हे असं सांगितलं, जसं मुलींना पेशंटचा ताप सांगत. “पण पेशंट कोणाच्या विश्वासावर सोडत नाहीत. माझ्याही नाही. मलाही त्या दिवशी भीती वाटत होती. म्हणून आधी बस पाठवली, मग वर जाऊन भांडले. उलट केलं असतं तर मीच फिरले असते.”

सरबत आलं. ते पिताना मला जाणवलं की त्यांनी स्वतःच्या नोकरीविषयी एक शब्दही काढला नव्हता, आणि मीही विचारलं नव्हतं. आता विचारलं. त्या म्हणाल्या, धाकटा भाऊ गल्फला बोलावतोय, जाईन, किंवा नाही जाणार. मग म्हणाल्या, “आजोबांची पट्टी आज कोणी केली?”

मला माहीत नव्हतं. ऑर्डर, खोली, चार्ज या गडबडीत मी दोन-तीन दिवस त्या वॉर्डात फिरकलोच नव्हतो. मॅडम उठल्या, आत गेल्या, आणि आतून उशा झटकल्याचा आवाज यायला लागला.

मी तिथून थेट हॉस्पिटलात गेलो. आजोबांची पट्टी मुलींनी केली होती, नीट केली होती. तरी मी सोडून बघितली आणि पुन्हा बांधली. मग वर गेलो. सेक्रेटरी ऑफिस बंद करत होते.

“काय ठरलं, सर?”

“चार्ज घेतो,” मी म्हणालो.  “पण बस कॉलेजच्या ताब्यात राहील. किल्ली माझ्याकडे.”

“किल्ली?” ते हसले. “प्राचार्य लोक केबिन मागतात, फोन मागतात. तुम्हाला बसची किल्ली कशाला?”

 पुढच्या वेळी मी घाबरून फिरायच्या आत बस निघालेली असावी म्हणून, हे खरं कारण त्यांना सांगण्यासारखं नव्हतं.  मग मी नुसता हात पुढे केला. तो स्पष्ट कापत होता, त्यांनाही दिसत होता, आणि मला तो मागे घ्यावासा फार वाटत होता. किल्ली तळव्यावर पडेपर्यंत मी तो तसाच धरून ठेवला.